बखर एकुलत्या झाडावरील स्वारीची

वनपुनर्स्थापनेच्या दप्तराचे मुख्य अधिकारी, अखंडखुर्चीविराजित, नकाशाधिपती, राजमान्य सरासरीसाहेब यांनी एका उघड्या टेकडीवर स्वारी करून जो पराक्रम केला, तो बहुतांस ठाऊक नाही, आणि ज्यांस ठाऊक आहे ते हसतात. ऐसियास हसणारांची तोंडे बंद व्हावी आणि पुढील पिढ्यांनी धडा घ्यावा, म्हणोन ही हकिकत जैसी घडली तैसी, पदरचे काही न घालता लिहिली आहे. वाचणाराने हातपाय धुऊन, मन स्वच्छ करून वाचावी. मध्येच हसू आल्यास देवाचे देणे समजावे आणि पदराआड ठेवावे.

पेशजी ऐसे जाहले जे, मुलुखातील डोंगर उघडे पडले आणि पाऊस आला की माती लोकांच्या घरात येऊ लागली आणि लोक ओरडू लागले, मग वरील हुजुरांनी फर्मान काढिले जे, कोठे जंगल उरले आहे आणि कोठे नवे लावावयाचे, याचा नकाशा करावा आणि त्याबरहुकूम रोपे रवाना करावी. त्या कामी जे दप्तर उभे राहिले त्याची मुखत्यारी साहेबांस मिळाली. साहेबांस झाडांचा शौक नव्हता ऐसे म्हणता येत नाही. काचेच्या मेजावर त्यांनी एक रोप बाळगले होते, ते प्लास्टिकचे. त्यास पाणी लागत नसे आणि ते वाढतही नसे, म्हणोन त्याजवर साहेबांची विशेष मर्जी होती आणि शिपाई ते रोज फडक्याने पुसत असे.

दप्तरी नकाशे काढणारी एक बाई होती, तिला सर्व नकाशेबाई म्हणत. आभाळातून काढिलेली चित्रे आणि मोजणीदारांनी रानोरान हिंडून, टेप लावून घेतलेले बुंध्यांचे घेर, ऐशी दोहींकडील कुमक घेऊन तिने अवघा मुलूख चौकोनाचौकोनांनी आखिला, आणि चौकोनाचौकोनात झाडे किती आणि ती केवढी, हे दोन्ही आकडे मांडिले, आणि डोळे चोळीत नकाशा साहेबांपुढे ठेविला. साहेबांनी दोन आकडे पाहिले आणि त्यांचे मस्तक फिरले. हुकूम जाहला जे, एका चौकोनी एकच आकडा असावा, दोन आकडे पाहून वरिष्ठांस विचार करावा लागतो आणि विचार करविणे हा बेअदबीचा प्रकार आहे. सबब झाडांची संख्या खोडून टाकावी आणि झाडाचा सरासरी आकार तेवढा राखावा. त्या दिवसापासून साहेबांस सरासरीसाहेब हा किताब मिळाला. तो कोणी दिला हे दप्तरातील चहाच्या टेबलाजवळ बसणारांस विचारावे.

नकाशेबाईंनी अर्ज केला, "सर, पण मग जिथे एकच मोठं झाड आहे, तिथेही सरासरी मोठीच दिसेल."

साहेब म्हणाले, "बाई, एकच झाड असेल तिथे जंगल कसं असेल? आणि जंगल नसेल तर ते नकाशात हिरवं कसं दिसेल? जरा विचार करत जा."

नकाशेबाईंनी विचार केला आणि रंगाकडे वळल्या.

मग रंग ठरले. जेथील झाडे सरासरीने थोर, तो चौकोन गडद हिरवा. तेथे जंगल नांदते आहे, सबब रोप पाठवू नये. जेथील सरासरी लहान, तो पिवळा. आणि जेथे झाडच नाही तो पांढरा. तेथे सर्वांआधी रोपे पाठवावी. घराच्या आवारातील झाड हे जंगल नव्हे, ते मोजणीत धरू नये, ऐसेही साहेबांनी एका कलमात घातले. नकाशा भिंतीवर चढला, त्यापुढे साहेबांची छायाचित्रे निघाली, आणि साहेब येताजाता हिरव्या चौकोनांकडे ऐसे पाहू लागले की जणू एकेक स्वतः तलवारीने जिंकिला आहे.

ऐशात दरीची फितुरी उघड जाहली. रोपवाटिकेचे मुकादम, मनुष्य साधा आणि आवाजाने मोठा, यांनी एका दरीत जुन्या झाडांमधील मोकळ्या जागी रोपे लाविली, ती जगली आणि कमरेला आली. पुढील नकाशा निघाला तो काल हिरवी असलेली दरी आज पिवळी. साहेबांनी मुकादमास समोर बोलाविले आणि विचारिले की, दरी कोणी तोडली?

"तोडली नाही साहेब, लावली!"

"लावून कमी कशी होईल?"

मुकादम कान खाजवू लागले. तेव्हा नकाशेबाई हळूच म्हणाल्या, "सर, रिकाम्या वर्गात मास्तर एकटे बसले होते, तोवर वर्गाची सरासरी उंची मास्तरांएवढी होती. आता पोरं येऊन बसली."

मग ताकीद सुटली जे, पोरे वर्गाबाहेर ठेवावी. हिरव्या चौकोनात येथून पुढे एकही रोप लावू नये, लाविल्यास तो सरासरीचा द्रोह समजला जाईल. त्याप्रमाणे रोपवाटिकेत रोपांच्या पिशव्या अडकून पडल्या, मुळे पिशव्या फोडून बाहेर आली आणि जमिनीत शिरू पाहू लागली, आणि मुकादम येणाऱ्याजाणाऱ्यास म्हणू लागले, "बघा, यांनाच घाई झालीय. साहेबांना नाही." झाडे लावण्याच्या दप्तरात झाडे न लावणे हा मोठा पुरुषार्थ ठरला आणि वर्षाचा अहवाल त्या पुरुषार्थाने भरून गेला.

आता सासूबाईंची कथा ऐकावी, कारण पुढील सर्व रणकंदन तेथून निघाले. साहेबांच्या सासूबाई शहराबाहेर एका टेकडीच्या पायथ्याशी, लहानशा घरात एकट्या राहत. टेकडी उघडी, तिच्यावर एकच झाड, तेही घराच्या मागील दारापासून हाकेच्या अंतरावर, परंतु ऐसे थोर की दोन माणसांनी हात धरिले तरी बुंधा कवेत येऊ नये. सासरे गेले त्या वर्षापासून सासूबाईंनी नेम धरिला होता जे, सकाळी त्या झाडास तांब्याभर पाणी घातल्याविना तोंडात घास घालावयाचा नाही. एवढ्या झाडास तांब्याभर पाण्याने काय होते, ऐसे कोणी विचारिल्यास त्या म्हणत, "त्याला नाही होत. मला होतं." नेम कधी मोडला नाही. ताप असला तरी नाही, पाऊस असला तरी नाही.

पावसाचीच तर अडचण होती. गेल्या पावसात टेकडीची माती मागील दाराने स्वयंपाकघरात आली, गॅसच्या सिलिंडरभोवती बसली, पिठाच्या डब्यात शिरली, आणि सासूबाईंनी ती पत्र्याच्या सुपलीने ओढून काढिली. ढग पुन्हा जमू लागले तेव्हा त्यांनी जावयास फोन केला.

"जावईबापू, तुमच्या ऑफिसात रोपं मिळतात ना? टेकडीला थोडी पाठवा हो. माती धरायला काहीतरी हवं. या वेळी घर राहतंय की नाही, कोण जाणे."

साहेबांनी भिंतीकडे पाहिले आणि त्यांची छाती फुगली. "आई, तुमची टेकडी अख्ख्या मुलुखात पहिली आहे!"

"कशात पहिली?"

"झाडांत. सगळ्यात गडद चौकोन तुमचाच."

"अहो, एक झाड आहे."

"नकाशात तसं दिसत नाही, आई."

"मग नकाशालाच पाठवा, गाळ काढायला," ऐसे बोलून सासूबाईंनी फोन ठेविला.

साहेबांनी ते बोलणे वयाकडे पाहून माफ केले. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीत चूक होऊ शकते, छापील रंगात होत नाही, ऐसा त्यांचा ठाम सिद्धांत होता. आणि सासुरवाडीस जाणे त्यांनी कित्येक वर्षे टाळिले असल्याकारणे सिद्धांतास धक्का लागला नव्हता.

परंतु दैवाची योजना वेगळी. वरील हुजुरांचा खलिता आला जे, आपला नकाशा पाहून संतोष जाहला, त्यातील सर्वांत गडद चौकोन आम्ही जातीने पाहावयास येत आहो, थोर वृक्षांच्या छायेत बसून आपणांस सन्मानचिन्ह देण्याचा मानस आहे. दप्तरात पेढे वाटावे ऐसा आनंद जाहला. मांडव कोठे घालावा हे ठरविण्यासाठी साहेब स्वतः निघाले, मागे नकाशेबाई, मुकादम आणि करवतवाले, कारण एवढ्या घनदाट अरण्यात मांडवास जागा करावयाची तर चार फांद्या तोडाव्या लागतील, ऐसा दूरदर्शी अंदाज होता. पुढे साहेबांची जीप, मागे टेम्पो, टेम्पोत खुर्च्या, ऐशा इतमामाने फौज टेकडीस भिडली.

तो काय पाहतात! टेकडी तळहातासारखी उघडी, आणि तळहातावर तीळ असावा तैसे एक झाड.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा लाविला. मग त्यांनी विचारिले, "बाकीची कुठे गेली?"

मुकादम म्हणाले, "कुठली बाकीची, साहेब?"

स्वयंपाकघरात मसलत बसली. गेल्या पावसाची रेघ भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर होती, फडताळाचा खालचा कप्पा फुगून मिटत नव्हता. सासूबाईंनी चहा ठेविला. आल्यागेल्यास चहा द्यावा, मग तो शत्रू का असेना, ऐसा त्यांचा स्वभाव होता. नकाशेबाईंनी मसलत दिली जे, खोडलेला आकडा पुन्हा लिहावा, येथे झाड एक आहे ऐसे सरळ कळवावे, म्हणजे टेकडीस रोपे मिळतील आणि हुजुरांचा हेलपाटा वाचेल.

साहेब म्हणाले, "म्हणजे आजवर नकाशा चुकला असं माझ्या तोंडाने सांगायचं?"

मग साहेबांचे बुद्धीत तो मनसुबा प्रगटला जो सामान्य डोक्यात मावणारा नव्हे. टेकडी गडद कशाने? त्या एका झाडाने. ते झाड पाडिले तर चौकोन पांढरा होतो. पांढरा जाहला की कायद्याने रोपे मिळतात. हुजुरांस कळविता येते जे, नकाशा काढिला तेव्हा खरा होता, नंतर आपत्ती ओढवली. आणि सासूबाईंचे कामही होते. एका करवतीने इतकी कार्ये सिद्धीस नेणारा सेनापती मागे जाहला नाही. साहेबांनी निर्णय सासूबाईंस ऐकविला.

"आई, तुम्हाला रोपं हवीत ना? मग हे झाड जायला हवं."

सासूबाई कपबशी हातात धरून उभ्या राहिल्या. "झाडं हवीत म्हणून झाड तोडायचं?"

"नियम आहे."

"तुमच्या नियमाची तब्येत बरी आहे ना, जावईबापू?"

दुसरे दिवशी सकाळी करवत चालवावी, ऐसा हुकूम करून साहेब माघारी गेले. नकाशेबाई मागे रेंगाळल्या आणि कपबशा विसळून गेल्या.

दुसरे दिवशी फौज येऊन पाहते तो किल्ला लढावयास सिद्ध. सासूबाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीच्या गजापासून थेट झाडाच्या बुंध्यापर्यंत नायलॉनची दोरी बांधिली होती, आणि घरातील यच्चयावत चादरी, पलंगपोस, उशांचे अभ्रे, पडदे धुऊन तिजवर वाळत घातले होते. दोरी बुंध्याभोवती फिरवून पुन्हा न्हाणीघराच्या खिडकीस आणिली होती, ऐसा दुहेरी तट. तटाच्या आत, झाडाच्या मुळाशी, पाटावर त्या स्वतः बसल्या होत्या, आणि पुढ्यात तांब्या, भरलेला. पाणी घातले नव्हते.

करवतवाल्यांतील वडीलधारा पुढे जाऊन म्हणाला, "आजी, उन्हं वर आली. पाणी घाला आणि काहीतरी खाऊन घ्या. आमचं काम आम्ही नंतर करतो."

"तोडणार आहात ना?"

"हुकूम आहे."

"मग पाणी नाही घालत. जाणाऱ्याला खोटी आशा लावू नये."

आणि नेम तर ठाऊकच आहे. पाणी नाही तर घास नाही. करवतवाल्याने करवत जमिनीवर ठेविली, तिजवर गोणपाट टाकिले, आणि फौज तटाबाहेर चादरींच्या सावलीत बसली.

इकडे साहेबांस घरून फोन आला. घरची मालकीण, म्हणजे सासूबाईंची एकुलती एक कन्या, हिचे बोलणे थोडके असे. "अहो, आई जेवली नाही म्हणे. आई जेवेपर्यंत आपल्याकडेही गॅस पेटायचा नाही. तुमचं तुम्ही बघा." ऐसियाने साहेबांची रसद तुटली. डबा नाही, चहा नाही. दुपार चढली, पोटात नगारे वाजू लागले, आणि हुजुरांची स्वारी तर उंबरठ्यावर. साहेब जातीने रणात उतरले.

"आई, बाजूला व्हा. सरकारी काम आहे."

"मी कुठे अडवलंय? या की आत."

साहेब पुढे सरसावले तो वाऱ्याची झुळूक आली, आणि पलंगपोस, ओला, दुहेरी, थोरल्या पलंगाचा, फटकन साहेबांच्या तोंडावर बसला. साहेबांनी तो सोडविण्यास हात वर केले तो त्यात हातही गुंडाळले गेले, मागे सरावे तो पडदा, पुढे जावे तो चादर, चष्मा कोठे गेला कळेना. लढाईत अनेक वीर अनेक शस्त्रांनी घायाळ जाहले आहेत. पलंगपोसाने जाहलेले हे एकच. आतून साहेबांचा आवाज आला, "हे काय आहे काय? अंगण आहे का कुणाचं?"

"अंगणच आहे. कपडे आणखी कुठे वाळतात?" सासूबाई म्हणाल्या.

तेव्हा नकाशेबाई, ज्या आजवर कधी मोठ्याने बोलल्या नव्हत्या, त्या मोठ्याने बोलल्या, कारण साहेबांच्या कानावरही चादर होती. "सर! अंगणातली झाडं आपण मोजत नाही! घराच्या आवारातलं झाड जंगलात धरायचं नाही, असं तुम्हीच ठरवलंय!"

पलंगपोस स्तब्ध जाहला.

आत काय उलथापालथ जाहली ते ईश्वर जाणे. झाड मोजणीतून गेले, तर टेकडीवर झाड नाही. झाड नाही, तर चौकोन पांढरा. पांढरा, तर रोपे. आणि नकाशा चुकला ऐसे कोणी म्हणू शकत नाही, केवळ अंगण वाढले. साहेबांनी तोंड बाहेर काढिले. केस उभे, कपाळावर साबणाचा वास. म्हणाले, "मी सकाळपासून तेच सांगतोय."

मुकादम म्हणाले, "हो तर. आम्हालाच कपड्यांतून ऐकू आलं नाही."

तत्काळ तेथेच, टेम्पोतील खुर्चीवर बसून फर्मान निघाले जे, या घराची दोरी जेथवर, तेथवर अंगण समजावे. दोरीस बांधिलेला वृक्ष हा वृक्ष नसून घरसामानापैकी समजावा. सबब सदर टेकडीवर एकही झाड नाही, आणि अशा दीनवाण्या टेकडीस रोपे न देणे हा अन्याय आहे. सासूबाईंनी फर्मान नीट ऐकिले, पुन्हा वाचावयास लाविले, मग उठल्या आणि तांब्या उचलून झाडाच्या मुळाशी रिता केला. मग घरात जाऊन सर्वांपुरता भात टाकिला. करवतवाले दोनदा जेवले.

त्याच आठवड्यात रोपे चढली. मुकादमांनी पिशव्या फोडून बाहेर आलेली मुळे सांभाळीत, उताराला आडव्या रांगा धरून, अवघी टेकडी लाविली, आणि पाऊस आला तेव्हा माती रांगारांगांशी थबकली. मागील दाराशी पाणी आले ते गढूळ आले, परंतु पाणीच आले. सासूबाईंनी ते केरसुणीने लोटून दिले.

पावसामुळे हुजुरांची स्वारी लांबली होती, पाऊस उघडला आणि हुजूर आले. टेकडीवर पाहतात तो बोटाएवढ्या बुंध्याची रोपे. त्यांनी विचारिले की, थोर वृक्ष कोठे? साहेबांनी मुजरा करून निवेदन केले जे, हुजूर, येथे शून्य होते, आज बोटभर आहे. बोटभर हे शून्याच्या किती पट, हे आपणच काढावे. हुजुरांनी मनात भागाकार केला, तो सुटेना, आणि जे आपणांस सुटत नाही ते थोर असले पाहिजे ऐसे मानून त्यांनी सन्मानचिन्ह दिले. हा सर्व समारंभ एका प्रचंड झाडाच्या सावलीत जाहला. हुजूर वर पाहून म्हणाले, "आणि हे केवढं मोठं झाड!"

"ते झाड नाही, हुजूर," साहेब म्हणाले. "ते आमच्या सासूबाईंचं अंगण आहे."

विजयाची खूण म्हणोन पत्र्याची पाटी आणविली होती. तिजवर लिहिले होते: या टेकडीवर पूर्वी एकही झाड नव्हते. पाटी कोठे लावावी हा पेच पडला, कारण रोपांस तिचे ओझे पेलेना. अवघ्या टेकडीवर पाटी धरील ऐसा एकच बुंधा होता. साहेबांनी खिळा मागविला. सासूबाई म्हणाल्या, "खिळा ठोकायचा नाही. दोरीला अडकवा." तेव्हा ती पाटी चादरींच्या रांगेत, लाकडी चिमट्यांनी, त्या झाडाच्या बुंध्यास टेकून लटकली, आणि अद्याप लटकते आहे. येणारे झाडाच्या सावलीत बसून ती वाचतात.

हुजूर गेल्यावर सासूबाईंनी आपली गोष्ट काढिली. "जावईबापू, नेम एका झाडाचा होता. आता माझी इतकी झाली. एकाला पाणी द्यायचं आणि बाकीच्यांनी बघत बसायचं, हे मला जमायचं नाही. सगळ्यांना मिळालं की मगच मी जेवणार."

"आई, पण एवढी टेकडी! ती मोजली तरी का आहेत कोणी?"

"मोजायची कशाला? पाणी घालायचं."

साहेबांनी समारंभास आलेल्या सासूबाईंच्या कन्येकडे, म्हणजे आपल्या कुटुंबाकडे, आशेने पाहिले. ती बादली घेऊन उभी होती. म्हणाली, "आई जेवेपर्यंत आपल्याकडे गॅस पेटत नाही, ठाऊक आहे ना?"

येणेप्रमाणे अंगण खालसा न होता टेकडी सर जाहली, सरासरीची अब्रू राहिली, एकुलते झाड झाडपणाने गेले आणि जिवानिशी वाचले. पावसाळा सरल्यापासून राजमान्य सरासरीसाहेब रोज सकाळी, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, दोन्ही हाती बादल्या घेऊन रांगारांगांनी टेकडी चढतात, आणि सासूबाई पाटावर बसून वरच्या रांगेचे एक रोप राहिले ऐसे दाखवितात, आणि साहेब पुन्हा उतरून पुन्हा चढतात. रोपे वाढत आहेत. हा विजय खरा जाहला, त्यास साक्ष टेकडी, अंगण आणि पलंगपोस. इतके लिहून लेखणी ठेविली. सकाळचे पाणी घालावयाचे राहिले आहे.